अ‍ॅप साइनिंगची ओपन सोर्स टूल्स: बरेच महिने वापरून झाल्यावर

आमचं अ‍ॅप अँड्रॉइड, विंडोज आणि मॅक तिन्हीवर जातं आणि बिल्ड सगळे लिनक्सच्या सीआयवर (कोडपासून रिलीजची फाइल आपोआप बनवणाऱ्या सर्व्हरवर) होतात, त्यामुळे प्रत्येक प्लॅटफॉर्मचं अधिकृत टूल वापरायचं म्हटलं तर फक्त साइनिंगसाठी (फाइल आमचीच आहे, मध्ये कुणी बदललेली नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीसाठी) वेगवेगळी मशीन सांभाळत बसावं लागतं. म्हणून गेले बरेच महिने कमांड लाइनवरची ओपन सोर्स टूल्सच रिलीजला वापरतोय. मत आधीच सांगून टाकतो: साइन सगळीच करतात. फरक पडतो तो नंतर, म्हणजे नेमकं काय साइन झालं, कुठल्या सर्टिफिकेटने (सही कुणाची ते सांगणाऱ्या दाखल्याने) झालं, टाइमस्टॅम्प (सही कधी झाली त्याचा शिक्का) लागला का, हे ते टूल किती स्पष्ट सांगतं त्यात. जे सांगत नाही त्याच्या जोडीला तपासणारं दुसरं टूल ठेवाच.

या बाबतीत एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर इन्स्टॉल होणारी फाइल, साइन करणारं एपीकेसाइनर सगळ्यात भारी. अँड्रॉइड एसडीकेच्या (डेव्हलपरसाठीच्या संचाच्या) बिल्ड टूल्समध्येच येतं. व्हेरिफाय कमांडला व्हर्बोज आणि प्रिंट-सर्ट्स हे दोन पर्याय जोडले की व्ही१, व्ही२, व्ही३ या सहीच्या प्रत्येक स्कीमपुढे (पद्धतीपुढे) ट्रू का फॉल्स ते येतं आणि खाली सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्याचा बोटाच्या ठशासारखा आकडा. तो हॅश आम्ही रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) लिहून ठेवलाय, सीआय दर रिलीजला ताडून बघतं, जुळला नाही तर रिलीज तिथेच थांबतं. डीबग कीचं (चाचणीपुरत्या सहीच्या किल्लीचं) बिल्ड चुकून बाहेर जाईल ही धास्ती त्यामुळे गेली. पासवर्डही कमांडमध्ये लिहावा लागत नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा फाइलमधून घेतं, नाहीतर प्रोसेसच्या यादीत तो कुणालाही दिसू शकतो.

अजूनही जुन्या स्क्रिप्टमध्ये एपीकेसाठी जावासोबत येणारं जारसाइनर दिसतं, ते बदला. जारसाइनर फक्त व्ही१ सही करतं, आणि व्ही१ म्हणजे एपीकेच्या आतल्या एकेका फाइलवर सही, पूर्ण एपीकेवर नाही. याच पोकळीतून जानस नावाची त्रुटी निघाली, डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाली, एपीकेच्या पुढे डेक्स फाइल (अँड्रॉइडवर चालणारा कोड) चिकटवायची आणि सही तरी वैध! व्ही२ अँड्रॉइड ७ पासून आहे आणि ती अख्ख्या फाइलवर असते. शिवाय टार्गेट एसडीके (कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलं तो आकडा) ३० किंवा पुढचं असेल तर अँड्रॉइड ११ वर नुसत्या व्ही१ चं अ‍ॅप इन्स्टॉलच होत नाही. क्रमही उलटा आहे बघा, जारसाइनर असेल तर झिपअलाइन (एपीकेतला डेटा ठरावीक जागी बसवणारं टूल) नंतर, एपीकेसाइनर असेल तर आधी, कारण व्ही२ सहीनंतर फाइल हलवली की सही मोडते. आता मेमरीची पेज १६ केबीची असलेले फोन आल्यामुळे नेटिव्ह लायब्ररी (सी, सी++ सारख्या भाषांतल्या) असतील तर झिपअलाइनला -P 16 (मोठा पी) पण द्यायचं, ते नव्या बिल्ड टूल्समध्येच आहे.

जारसाइनर पूर्ण काढून टाकता मात्र येत नाही. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन अ‍ॅप बंडल (ज्यातून प्ले पुढे एपीके बनवतं) म्हणूनच द्यावं लागतं आणि बंडल आम्ही जारसाइनरनेच साइन करतो. इथे एक लक्षात ठेवा, बंडलवरची की ही फक्त अपलोड की, युजरच्या फोनवर पोहोचणारं एपीके प्लेकडच्या कीने साइन होतं, म्हणून प्लेवरून उतरवलेल्या एपीकेचा हॅश तुमच्या हॅशशी जुळला नाही तर घाबरून जाऊ नका. अपलोड की हरवली तर रीसेट करून मिळते. पण एपीके स्वतःच्या साइटवरून देत असाल आणि ती की हरवली, तर जुन्या अ‍ॅपवर अपडेट जाणारच नाही, बॅकअप आजच घ्या.

विंडोजला खरी मेहनत लागते, आणि तुलनाही इथेच जास्त रंगते. ओएसएसएलसाइनकोड आणि जेसाइन दोन्ही लिनक्सवर चालतात, दोन्ही एक्सई, एमएसआय, कॅब या विंडोजच्या फाइल साइन करतात. पहिलं सी भाषेत, ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीवर उभं, छोटंसं, डिस्ट्रोच्या पॅकेजमधून एका ओळीत बसतं. दुसऱ्याला जावा लागतं. पीएफएक्स फाइलचे, म्हणजे की साध्या फाइलमध्ये ठेवायचे, दिवस असते तर मी ओएसएसएलसाइनकोडवरच थांबलो असतो. पण १ जून २०२३ पासून नियम बदलला, कोड साइनिंगची प्रायव्हेट की प्रमाणित हार्डवेअरमध्येच तयार व्हायला आणि राहायला हवी, म्हणजे यूएसबी टोकन, एचएसएम (की सांभाळणारं खास उपकरण) किंवा क्लाउडमधली की सेवा. सीआयच्या रनरला टोकन कुठून लावणार? आणि जेसाइनने हाच प्रश्न सोडवलाय, अ‍ॅझ्युर की व्हॉल्ट, एडब्ल्यूएस, गूगल क्लाउड, युबीकी, साधं पीकेसीएस११ (टोकनशी बोलायची प्रमाणित पद्धत), सगळं स्टोअरटाइप या एका पर्यायात बदलता येतं, बाकी कमांड जवळपास तीच. ओएसएसएलसाइनकोडलाही पीकेसीएस११ जमतं, पण इंजिन वेगळं, मॉड्यूल वेगळं, दोन्हींचे पाथ द्यायचे, आणि ओपनएसएसएलची आवृत्ती बदलली की परत जुळवाजुळव. इतका त्रास दर वेळी नको वाटतो.

मग ओएसएसएलसाइनकोड काढून टाकलं का, तर नाही, जेसाइनने साइन केलेली फाइल मी त्याच्या व्हेरिफायनेच तपासतो. ते सहीची साखळी (सर्टिफिकेटला कुणी दुजोरा दिला ती माळ) आणि टाइमस्टॅम्पची साखळी वेगवेगळी तपासून दाखवतं, फक्त योग्य रूट (साखळीच्या मुळाशी असलेल्या) सर्टिफिकेटची फाइल हाताने द्यावी लागते, नाहीतर चांगल्या सहीलाही नापास म्हणतं. एका टूलने साइन आणि दुसऱ्याने तपासणी हा प्रकार मला फार आवडतो, दोन्हींचा कोड वेगळा असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्यात पकडली जायची शक्यता जास्त.

टाइमस्टॅम्पबद्दल थोडं जास्तच बोलतो कारण तो सहज राहून जातो. टाइमस्टॅम्प नसला की सर्टिफिकेट संपलं त्या दिवशी जुन्या सगळ्या इन्स्टॉलरची सही पण संपली. आणि १ मार्च २०२६ पासून नवीन कोड साइनिंग सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४६० दिवसांचंच मिळतं, त्यामुळे हे आता लवकर टोचणार. टाइमस्टॅम्प सर्व्हर कधीकधी उत्तर देत नाहीत, जेसाइनमध्ये किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा आणि मध्ये किती थांबायचं हे सांगता येतं, सर्व्हरही एकापेक्षा जास्त देता येतात. बारीक सोय वाटते पण रिलीजच्या रात्री तीच कामाला येते.

मॅकसाठी आरकोडसाइन, रस्टमध्ये लिहिलेलं. लिनक्सवरून मॅक अ‍ॅप साइन, नोटराइज (ॲपलकडून तपासून घेणं) आणि स्टेपल (त्या तपासणीची पावती जोडणं), तिन्ही होतं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच आनंद झाला. आतले फ्रेमवर्क आणि हेल्पर ते स्वतः आतून बाहेर क्रमाने साइन करतं. अ‍ॅप स्टोअर कनेक्टची एपीआय की एकदा जेसन फाइलमध्ये बांधून ठेवायची, मग अ‍ॅपल आयडी, पासवर्ड काही लागत नाही. हार्डन्ड रनटाइमचा (चालताना जास्त कडक संरक्षणाचा) फ्लॅग मात्र स्वतः द्यावा लागतो, तो नसला तर नोटरायझेशन परत येतं. पण त्याच्या व्हेरिफायवर विसंबू नका, ते अपुरं असल्याचं प्रोजेक्टच सांगतो. म्हणून मोठ्या रिलीजआधी एका खऱ्या मॅकवर कोडसाइनच्या व्हेरिफायने आणि एसपीसीटीएलने, या मॅकच्याच टूल्सनी, शेवटचं बघून घेतो. तेवढ्यापुरतं मॅक लागतंच.

लिनक्सच्या टारबॉलसाठी (एकत्र बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यासाठी) कोसाइन आणि मिनिसाइन ही दोन्ही साइनिंग टूल्स चालवून बघितली. कोसाइनची कीलेस पद्धत हुशार आहे, की सांभाळायचीच नाही, लॉगिनवरून दहा मिनिटांचं सर्टिफिकेट मिळतं आणि नोंद रेकॉर नावाच्या सार्वजनिक लॉगमध्ये जाते. पण हाताने साइन केलं तर तुमचा ईमेलही त्या लॉगमध्ये कायमचा जातो, हे माहीत असू द्या, सीआयच्या ओळखीने साइन केलेलं बरं. कंटेनर इमेजसाठी (सर्व्हरवर जसंच्या तसं चालणाऱ्या पॅकेजसाठी) कोसाइन ठेवलंय. टारबॉलला मिनिसाइन, कारण पब्लिक की एका ओळीत मावते, रीडमीमध्ये टाकली की डाउनलोड करणाऱ्याला तपासायला एक छोटी कमांड पुरते, आणि लोक ती खरंच चालवतात.