बॉक्सिंगच्या सट्ट्यात माझे 1,11,450 रुपये गेले. वाचा आणि सावध व्हा

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आजवर कोणी विचारलं की मी 'गेले चाळीसेक हजार' असं खोटंच सांगत आलोय. गेले ते 1,11,450 रुपये. घरातही खरा आकडा फक्त दोघांना माहीत आहे, बायकोला आणि पुतण्याला.

मी अडाणी नाही, हेही आधीच लिहितो. गोव्यात खाणी चालू होत्या तेव्हा माझे दोन ट्रक होते. किती खेपा, किती टन, डिझेल किती, हा हिशेब मी रोज रात्री वहीत घालायचो. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर झोप यायची नाही. 2012 ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, 2018 ला पुन्हा बंद. एक ट्रक विकला, दुसरा भंगारात काढला. आता गावात छोटं दुकान आहे. सांगायचा मुद्दा, पैशाची किंमत मला कळते. तरीही फसलो.

मोबाईलवर सट्ट्याच्या टिपा देणारा ग्रुप, त्याचा ॲडमिन 'सर', रोजचे स्क्रीनशॉट, 'सर, आज 40 हजार सुटले' म्हणणारे भाडोत्री लोक, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. क्रिकेटचा असता तर मी तो ग्रुप त्याच दिवशी सोडला असता. पण हा बॉक्सिंगचा होता, आणि बॉक्सिंग म्हणजे आमच्या पिढीला माइक टायसन. 1986 साली विसाव्या वर्षी जगज्जेता झालेला. 1997 साली होलीफील्डचा कान चावला तेव्हा आम्ही खाणीवर आठवडाभर दुसरं काही बोललो नव्हतो. तोच टायसन 58 व्या वर्षी, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या 27 वर्षांच्या जेक पॉलविरुद्ध रिंगमध्ये उतरणार, अशी बातमी आली. ग्रुपवर गेलो तो त्यासाठी.

तिथे त्यांनी 'नवशिक्यांसाठी' म्हणून अकरा पानांची पीडीएफ दिली, चक्क मराठीत. आणि लबाडी अशी की त्यातलं सगळं खरं होतं. भाव 1.50 असेल तर 100 लावल्यावर 150 हातात येतात, म्हणजे नफा 50. एकाला 1.40 आणि दुसऱ्याला 2.80 भाव असेल तर 100 भागिले दोन्ही भाव करून बेरीज करा: 71.4 आणि 35.7, म्हणजे 107. शंभराच्या वरचे ते सात खेळवणाऱ्याचे. पंच दर राउंडला पॉइंट्स देतात: राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, खाली पडला तर बहुधा 8. राउंड एरवी तीन मिनिटांचा, म्हणून 'साडेसहा राउंडांपेक्षा जास्त' लावलं तर सातव्या राउंडचं दीड मिनिट सरायला हवं. नॉकआउटवर लावलं आणि तुमचा माणूस पॉइंट्सवर जिंकला, तर तो जिंकूनही तुम्ही हरलात. दहाव्या पानावर 1990 ची टोकियोची मॅच होती, जिथे बस्टर डग्लसने टायसनला पाडलं आणि त्याचा भाव होता 42 ला 1. ती पीडीएफ मी तीनदा वाचली. आता वाटतं, खोटं बोलणारा माणूस मला लगेच ओळखता आला असता. यांनी दहा पानं खरं सांगून अकराव्या पानावर ॲपची लिंक दिली.

सप्टेंबर 2024 मध्ये पहिले 500 लावले. 'सर' म्हणाले, जोशुआ नाही, डुबोआ जिंकणार. लंडनच्या त्या मॅचमध्ये डुबोआने पाचव्या राउंडला जोशुआला झोपवलं. माझे 1,350 झाले, आणि ते खरंच माझ्या खात्यात आले. (अर्ध्या लोकांना डुबोआ सांगायचं, अर्ध्यांना जोशुआ. जे जिंकतात ते राहतात. ही युक्ती मी स्वतः दुसऱ्याला समजावून सांगितली असती, दुसरा फसला असता तर.) पैसे पाठवणाऱ्याचं नाव यूपीआयवर एका बाईचं होतं, कंपनीचं नव्हे. बघितलं आणि सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. पैसे घेताना आणि देताना दर वेळी वेगळ्या माणसाचं नाव दिसलं की तिथेच थांबा.

ऑक्टोबरमध्ये बेतरबियेव आणि बिवोल या दोन बॉक्सरांची मॅच. बेतरबियेवच्या तोवरच्या वीसही मॅचेस नॉकआउट. मी 5,000 नॉकआउटवर लावले. तो जिंकला, पण पॉइंट्सवर, तेही एका पंचाने 114-114 बरोबरी दिलेली. माझे पाच हजार गेले. तुम्हाला हसू येईल, पण त्या हरण्यामुळेच माझा विश्वास बसला. म्हटलं, फसवणारे असते तर मला जिंकवलंच असतं ना.

आता 16 नोव्हेंबर 2024, शनिवार. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र, आपल्याकडे सकाळ. दुकान बायकोवर सोपवून मी टीव्हीसमोर, शेजारी पुतण्या. आदल्या रात्री 40,000 लावले होते, 'पॉल, पॉइंट्सवर', भाव 2.30. मन टायसनकडे होतं, पैसे पॉलकडे. मॅच आठ राउंडांची, राउंड दोन-दोन मिनिटांचा, ग्लोव्ह्ज 14 औंसांचे. सगळं मला पाठ होतं. टीव्हीवर घंटा झाली, दोघे आपापल्या कोपऱ्यात गेले. हातातल्या मोबाईलवर मात्र पहिल्या राउंडचं एक मिनिट अजून शिल्लक. तिथलं घड्याळ तीन मिनिटांचं होतं!

मी काय म्हणालो? 'ॲप मागे चालतंय.'

टीव्हीवर आठवा राउंड संपता संपता पॉलने टायसनला वाकून नमस्कार केला. निकाल: 80-72, 79-73, 79-73. ॲपवर तेव्हा सहावा राउंड चालू, वर लाल ठिपका, 'लाइव्ह', आणि भाव खालीवर होताहेत. पुढे सातवा झाला, आठवा झाला. मग नववा सुरू झाला. पुतण्याने मान वाकडी करून स्क्रीन बघितला. "काका, मॅच आठचीच होती ना? हा नववा कुठून आला?"

बारावी पास झालेल्या मुलाला जे दिसलं ते मला दिसलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला दिसलं होतं. पण मला दुसरंही काहीतरी दिसत होतं. निकाल मला माहीत आहे, ॲपला माहीत नाही, आणि 'पॉल पॉइंट्सवर' अजून 1.90 ला उघडा आहे. म्हटलं, मूर्ख आहेत हे लोक. पुतण्याला गप्प केलं आणि संपलेल्या मॅचवर आणखी 10,000 लावले. त्या अर्ध्या मिनिटात त्यांना लुटतोय असं मला वाटत होतं. बाकी सगळं मी लोकांना सांगतो, एवढं सांगत नाही. आज लिहितोय.

स्क्रीनवर आता 1,11,000 रुपये. काढायला गेलो तर म्हणे नफा 61,000, त्यावर 30 टक्के टीडीएस आधी भरा. 18,300 भरले. मग जमा रकमेवर 28 टक्के जीएसटी, 14,000. तेही भरले. दोन्ही दर खरे होते, मी पेपरात वाचलेले. अहो, पण टीडीएस कापून घेतात, मागून घेत नाहीत! दुकानदार माणूस मी, मला हे कळायला नको? त्यानंतर 'खाते पडताळणी', परत मिळणारे, 25,000. हे बायकोच्या भिशीचे होते. चौथ्यांदा 30,000 मागितले तेव्हा मी वही काढून बेरीज केली. 1,11,000 मिळवण्यासाठी मी 1,12,800 भरले होते. परत आले ते पहिले 1,350. बस.

पाच दिवस लाजेने गप्प बसलो. ही माझी दुसरी चूक. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे 1930 या नंबरवर, फोन पहिल्या तासातच करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातो आणि एटीएममधून निघतो. पाच दिवसांनी अडवायला काय उरणार? मला तक्रार क्रमांक मिळाला, बाकी काही नाही.

मग पोलीस स्टेशन. तिथला साहेब पहिलंच वाक्य बोलला, "खेळपाक कोणें सांगिल्लें तुका?" दुसरं वाक्य, जुगार खेळणं हाही गुन्हा आहे, लिहून देताना विचार करून दे. इकडून सायबरवाल्यांकडे जा म्हणाले, तिकडून रक्कम एवढीच आहे तर स्थानिक ठाण्यात जा. चार खेपा झाल्या, चारही दिवस दुकान बंद. शेवटी तक्रार घेतली तीही एका पानाच्या अर्जावर, शिक्का मारून. मांडवी नदीत दिवे लावून बोटींवर जो जुगार चालतो त्याला परवाना आहे, गोव्याच्या माणसाने तिथे खेळायचं नाही एवढंच. आणि गावातल्या मटक्याबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच म्हणतो, मटक्याचा आकडा लागला तर पैसे देणारा माणूस तरी डोळ्यांसमोर असतो.

हे कमी होतं म्हणून जानेवारीत माझं स्वतःचं बँक खातं गोठलं. कारण? तेच 1,350 रुपये. ज्या खात्यातून ते मला आले, त्यात दुसऱ्या राज्यातल्या कोणातरी फसलेल्या माणसाचा पैसा होता. त्याने तिकडे तक्रार केली, आणि पैसा जिथे जिथे फिरला त्या सगळ्या खात्यांना कुलूप. खात्यात माझे 63,412 रुपये होते, मालाचे. मी बँकेत म्हटलं, 1,350 अडवा, हवं तर डबल अडवा, बाकीचे का? म्हणाले, वरून आलंय, त्या राज्याच्या पोलिसांचं पत्र आणा. तिथल्या नंबरवर फोन उचलला जात नाही. ईमेल पाठवला, उत्तर नाही. रजिस्टर्ड पत्र पाठवलं, पोचपावती आली, उत्तर नाही. बँकेतल्या मुलीने मला हळूच सांगितलं, "काका, तिकडे स्वतः जाऊन या." माझे पैसे चोरणाऱ्याचं खातं महिनाभर चालू होतं, आणि चोरीला गेलेला मी वीस तासांचा रेल्वेप्रवास करून माझ्याच पैशांसाठी हात जोडायला जायचं. शेवटी गेलो. त्या प्रवासाचा खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही. खातं सुटलं जूनमध्ये. म्हणून सांगतो, अशा ठिकाणाहून जिंकलेला पैसा हरलेल्या पैशापेक्षा जास्त महाग पडतो. आणि धंद्याचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर आजच वेगळं करा.

स्क्रीनशॉट मात्र सगळे ठेवा, लाज वाटली तरी. ग्रुप सोडला की चॅट पुसून टाकतात. माझ्याकडे आज पीडीएफ आहे आणि 'नववा राउंड, लाइव्ह' असा एक फोटो, तोही पुतण्याने काढलेला.

2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. मेसेज थांबलेले नाहीत. गेल्याच आठवड्यात एक आला: 'सर, आपले अडकलेले 1,11,000 आम्ही कायदेशीर मार्गाने सोडवून देतो, फी फक्त 4,999.' रक्कम त्यांना बरोबर माहीत होती. म्हणजे तेच लोक, किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेले. हे मला कळत होतं, तरी मी विचारलं, फी आधी की नंतर?

पुतण्या मागेच उभा होता. काही बोलला नाही. माझ्या हातातून फोन घेतला, नंबर ब्लॉक केला आणि फोन काउंटरवर उलटा ठेवून चहा आणायला गेला.