८५,००० रुपयांचं 'सर्व्हरवालं' सॉफ्टवेअर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. सुताची आवक, मागावरची बिमं, तयार माल, चलनं, व्यापाऱ्यांची उधारी, सगळं आठ जण एकाच वेळी भरतील असं 'खास तुमच्यासाठी बनवलेलं' सॉफ्टवेअर एका पोराने ८५,००० रुपयांना माझ्या गळ्यात मारलं. वर 'सर्व्हरभाडं' वर्षाला २४,०००. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणे, १८ टक्के कशाला उगाच भरता? बिल न देणाऱ्याला तिथेच चहा पाजून वाटेला लावा.

तो सर्व्हर म्हणजे गूगल शीट, एक्सेलसारखा ऑनलाइन तक्ता. मोबाइलवरचं ॲप ॲपशीटमध्ये, म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवायच्या साधनात, जोडलेलं. ॲपशीट गूगलने २०२० मध्येच विकत घेतलंय आणि चाचणीपुरतं दहा जणांना फुकट चालतं. शीटला मी नावं ठेवत नाही; कोणी कुठला आकडा कधी बदलला तेही त्यात दिसतं. जोडणीची मजुरी सांगून घेतली असती तर दिली असती. यानं नसलेल्या यंत्राचं भाडं खाल्लं.

हिशेबाला बसणारी मुलगी पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "मालक, ही तर शीट आहे. फाइल पण त्याच्याच जीमेलवर दिसतीय." तो समोरच बसलेला. हसून म्हणाला, "ताई, हे नुसतं तोंड. मशीन हैदराबादला." आणि विषय संपला! तेव्हाच शेअरचं बटण दाबायला लावून मालकी माझ्या जीमेलवर घ्यायची होती. पण दिवाळीचा माल अडकलेला, तीन माग बंद. सुताचा काउंट, म्हणजे जाडी, मी नुसत्या हाताने सांगतो, जीमेल तपासणं माझं काम आहे का?

दुसऱ्या वर्षी भाडं ६०,००० मागितलं. नाही म्हटलं, तर त्याच रात्री आठही जणांना फाइल बंद. आत ६,४०,००० ची उधारी.

पोलिस ठाण्यात म्हणे, चेकने दिले म्हणजे खुशीने दिले, दिवाणी मामला आहे, वकील गाठा. सायबरवाले म्हणे, ओटीपी दिला होता का? नाही? मग फसवणूक कसली? फाइल त्याच्या खात्यात, म्हणजे त्याचीच. अहो, आकडे माझे आहेत! वही उचलून नेली असती तर पंचनामा केला असता ना? शेवटी सल्ला काय, तर गूगलला विचारा. अर्जावर पोचेचा शिक्का मारायलासुद्धा साहेब जागेवर नाहीत.

फाइल स्वतःच्या जीमेलवर बनवा, बनवणाऱ्याला फक्त एडिटर ठेवा. पगारवाटपाच्या दिवशी एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. उधारीची वही बंद करू नका, कोणी कितीही हसू दे.

त्याचं नवं गिऱ्हाईक होटगी रोडला आहे म्हणतात. त्यांनी आज रात्रीच 'मेक अ कॉपी' दाबून फाइलची प्रत स्वतःच्या जीमेलवर घ्यावी.