खातं मागणारं विंडोज, न मागणारं लिनक्स आणि मधला मॅक: इन्स्टॉल करण्याआधी काय बघावं

विंडोज ११ च्या सेटअपमध्ये भाषा निवडली, कीबोर्ड निवडला आणि तिथेच गाडी अडली. आधी इंटरनेट जोडा, मग ईमेल द्या. 'नेक्स्ट' बटण समोर दिसतंय, पण राखाडी, दाबता येत नाही. मशीन विकत घेतलं, लायसन्सचे पैसे मोजले, तरी आत शिरायला कुणाच्या तरी सर्व्हरचा होकार लागतो, याचा संताप येणं रास्त आहे. पण निव्वळ संतापापोटी सिस्टीम बदलली, तर पुढे भलत्याच ठिकाणी ठेच लागते. इन्स्टॉल करताना खातं मागतात की नाही, हे तासाभरात मिटणारं प्रकरण आहे. त्या खात्याला पुढे काय काय टांगलेलं असतं, ते मात्र वर्षानुवर्षं सोबत राहतं. तुलना करायची ती या दोन्ही अंगांनी.

दारात काय होतं

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्ती फक्त होम आवृत्तीला होती. २०२२ च्या २२एच२ या मोठ्या अपडेटपासून वैयक्तिक वापरासाठी बसवलेल्या प्रोलाही ती लागू झाली. तेव्हापासून उंदीर-मांजराचा खेळ चालू आहे. सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायची आणि 'बायपासएनआरओ'ची आज्ञा द्यायची. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही दाबावी लागते. मशीन रीस्टार्ट होतं आणि नेटवर्कच्या पडद्यावर 'आय डोन्ट हॅव इंटरनेट' हा पर्याय उगवतो. ही आज्ञा म्हणजे छोटी स्क्रिप्ट आहे. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, एक नोंद करते, बस्स. मार्च २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांमधून ती स्क्रिप्टच काढून टाकली गेली. मग लोकांनी थेट लोकल खात्याची खिडकी उघडणारी दुसरी आज्ञा शोधली, आणि ऑक्टोबर २०२५ च्या चाचणी आवृत्तीत तिचंही दार लावलं गेलं. बंद पडलेला ईमेल टाकून सेटअपला चकवायची युक्ती तर त्याही आधी गेली.

म्हणून जुन्या व्हिडिओत बघितलेली आज्ञा नव्या आयएसओवर (विंडोजच्या इन्स्टॉल-फाइलवर) चालली नाही तर टायपिंगची चूक शोधत बसू नका, ती वाटच बुजवलेली असू शकते. अशा वाटांवर भरवसा ठेवून दहा मशीन बसवायला घेऊ नयेत.

टिकाऊ मार्ग दोन. पहिला प्रोचा. नेट जोडा, 'वर्क ऑर स्कूल'साठी सेटअप निवडा, ईमेल मागणाऱ्या पडद्यावर 'साइन-इन ऑप्शन्स' आणि त्यात 'डोमेन जॉइन इन्स्टेड' दाबा. डोमेन, म्हणजे कंपनीचं नेटवर्क, असण्याची गरज नाही. पुढचा पडदा फक्त नाव विचारतो आणि साधं लोकल खातं तयार होतं. कंपन्यांना ही सोय लागतेच, त्यामुळे ती काढणं मायक्रोसॉफ्टलाही सोपं नाही. यातली मेख अशी, की लॅपटॉपबरोबर होम आलं असेल तर त्याची लायसन्स-की फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बसवलेली असते. इन्स्टॉलर ती वाचतो आणि आवृत्ती न विचारता होमच टाकतो. यूएसबीच्या 'सोर्सेस' फोल्डरमध्ये 'ईआय डॉट सीएफजी' ही चार ओळींची फाइल ठेवली, की आवृत्ती निवडायचा पडदा परत येतो. अर्थात प्रोचं लायसन्स वेगळं घ्यावंच लागतं, नाहीतर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

दुसरा मार्ग उत्तर-फाइलचा, आणि होमसाठी तोच बरा. 'ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल' नावाची फाइल यूएसबीच्या मुळाशी ठेवली, की सेटअप आपले प्रश्न तिलाच विचारतो. तिच्यात लोकल खात्याचं नाव आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गट दिला, की ईमेलचा पडदा येतच नाही. हाताने लिहायचा कंटाळा असेल तर इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं रूफस हे सॉफ्टवेअर हे काम करून देतं. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. मग चौकटींची यादी येते. त्यात ऑनलाइन खात्याची अट काढणं आणि दिलेल्या नावाचं लोकल खातं बनवणं, या दोन्ही चौकटींवर खूण करा. लोक फक्त पहिलीवर करतात आणि केबल लावलेली ठेवतात. नेट मिळालं की सेटअप पुन्हा ईमेलवर येतो आणि दोष रूफसला मिळतो. इन्स्टॉल संपेपर्यंत केबल काढलेली बरी. नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि बिनजागेचं ठेवा, कारण युजर फोल्डर त्याच नावाने बनतो. ऑनलाइन खात्याने शिरलात तर ईमेलची पहिली पाच अक्षरं फोल्डरच्या नशिबी येतात. पुढे लोकल खात्यावर आलात तरी ते नाव बदलत नाही.

एक छोटीशी सोय: लोकल खात्याला सेटअपमध्येच पासवर्ड दिला तर तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. तो रिकामा सोडा आणि आत गेल्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटमधून ठेवा, म्हणजे प्रश्न टळतात.

मॅकवर प्रकार वेगळा आहे. सेटअप असिस्टंट अ‍ॅपल खातं मागतो, पण नंतर करण्याचा पर्याय त्याच पडद्यावर असतो आणि तो लोकल खात्याने पुढे जाऊ देतो. कुठलीही काळी खिडकी उघडावी लागत नाही. मात्र अ‍ॅपल सिलिकॉनचा (अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा) मॅक पुसून नव्याने बसवताना इंटरनेट लागतंच, कारण अ‍ॅक्टिव्हेशन अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून होतं. म्हणजे खातं ऐच्छिक, होकार सक्तीचा. वापरलेला मॅक घेताना हे फार महत्त्वाचं आहे. आधीच्या मालकाने 'फाइंड माय' ही हरवलेलं यंत्र शोधायची सोय बंद केली नसेल, तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक त्याच्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि मशीन तिथेच थांबतं. पैसे देण्याआधी समोर पुसायला लावा आणि सेटअपचा पहिला पडदा नव्हे, तर डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबा.

लिनक्सबद्दल इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांपैकी कुणीही खातं मागत नाही, आणि पूर्ण आयएसओ घेतली असेल तर केबल काढून ठेवली तरी इन्स्टॉल पूर्ण होतं. उबुंटू प्रोसाठी खातं लागतं, पण ती अपडेटची मुदत वाढवणारी ऐच्छिक सोय आहे. क्रोमबुकवरच्या क्रोमओएसचं उलटं: गूगल खात्याशिवाय पाहुणा म्हणून शिरता येतं, पण बाहेर पडताच सगळं पुसलं जातं. खातं नको असेल तर ते यादीतून खोडाच.

किल्ली कुणाकडे

खरी तुलना इथे आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच करत नाहीत.

विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, होमवरही. ऑनलाइन खात्याने शिरलात तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. पुढे बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बदललं किंवा मदरबोर्ड नवा टाकला, की निळा पडदा तेच ४८ आकडे मागतो. सेटअप दुकानदाराने त्याच्या ईमेलवर उरकला असेल किंवा जुन्या ईमेलचा पासवर्ड हरवला असेल, तर डेटा गेला. डिस्क धडधाकट असते, पण वाचता येत नाही.

लोकल खात्याने शिरलात तर वेगळीच गंमत. डिस्क एन्क्रिप्ट होते, पण किल्ली तिच्यावरच उघडी पडून राहते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडून 'मॅनेज-बीडीई' या आज्ञेला स्टेटस विचारा. १०० टक्के एन्क्रिप्टेड आणि खाली 'प्रोटेक्शन ऑफ' असं उत्तर येईल. कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवल्यासारखं. लॅपटॉप चोरीला गेला तर संरक्षण शून्य. म्हणजे होमवर लोकल खातं वापरणाऱ्याने खाजगीपणा एका दाराने आणला आणि दुसऱ्याने घालवला. प्रोमध्ये बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) की फाइलमध्ये किंवा कागदावर घेता येते. हा एकच मुद्दा प्रोचे जास्तीचे पैसे वसूल करतो.

मॅकवर फाइलव्हॉल्ट हे डिस्क-एन्क्रिप्शन चालू करताना किल्ली आयक्लाउडमध्ये न ठेवता स्वतः लिहून घेता येते. ती २४ अक्षरांची असते. कागद हरवला आणि पासवर्डही विसरलात, तर पुसण्याशिवाय गत्यंतर नाही.

लिनक्सवर किल्ली तुमच्याच डोक्यात. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क'च्या खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' आहे. तिथे एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी पद्धत) आणि एन्क्रिप्शन निवडा. घाईत हे राहून गेलं तर नंतर बसवणं जिकिरीचं, बहुधा पुन्हा इन्स्टॉलच करावं लागतं. इन्स्टॉल झाल्यावर 'क्रिप्टसेटअप' या आज्ञेने दुसरा पासफ्रेज (डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) जोडा आणि हेडरची (एन्क्रिप्शनची माहिती असलेल्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागाची) प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. हेडर बिघडला तर बरोबर पासफ्रेजही कामाचा नाही. आणि एन्क्रिप्शन घेतलंच नसेल, तर ग्रब या बूटच्या मेनूमधून रिकव्हरी मोडमध्ये शिरून कुणीही लॉगिन पासवर्ड बदलू शकतो. खातं नाही याचा अर्थ सुरक्षित आहे, असा नाही.

आत गेल्यानंतरचा जाच

विंडोजवर लोकल खात्याने शिरलात तरी मागणी संपत नाही. ऑफिस किंवा स्टोअरमध्ये लॉगिन करताना हेच खातं सगळीकडे वापरू का, असं विचारलं जातं, आणि ठळक बटण होकाराचं असतं. घाईत ते दाबलं की लोकल खात्याचं ऑनलाइन खातं होतं, आणि आधी सांगितलेली किल्लीही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. फक्त या अ‍ॅपपुरतं, असा बारीक अक्षरातला पर्याय शोधून दाबायचा. अपडेट मात्र खात्याविना व्यवस्थित येतात.

मॅकवर सिस्टीमच्या अपडेटना खातं लागत नाही, पण अ‍ॅप स्टोअरमधल्या फुकट अ‍ॅपलाही लागतं. बरीच सॉफ्टवेअर थेट निर्मात्याच्या साइटवरून मिळतात, त्यामुळे निभावतं.

लिनक्सचा जाच वेगळ्या जातीचा. काही ब्रॉडकॉम वायफाय चिप इन्स्टॉलनंतर चालत नाहीत. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करायचं आणि ड्रायव्हर उतरवायचा. सिक्युअर बूट चालू ठेवून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकलात तर पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. काही सेकंदांत की दाबली नाही तर तो पडदा निघून जातो, ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक लिनक्सला शिव्या घालतात. फोटोशॉप, डेस्कटॉपवरचं पूर्ण मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, टाकणारे बरेच ऑनलाइन गेम इथे चालत नाहीत. यातलं एकही रोजच्या कामाचं असेल तर विंडोज किंवा मॅकवरच राहा.

मग कुणी काय घ्यावं

विंडोज १० वरच थांबून खातं टाळू, असा बेत असेल तर तो सोडा. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि तिच्या नोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातंच लागतं, पैसे भरले तरी.

विंडोजशिवाय चालणारच नसेल तर प्रो घ्या, 'डोमेन जॉइन'ने शिरा आणि बिटलॉकरची की कागदावर उतरवा. होमच असेल आणि लॅपटॉप घराबाहेर फिरत असेल, तर उत्तर-फाइलची खटपट करूनही डिस्क उघडीच राहते. तिथे कुठेही न वापरलेल्या ईमेलने खातं उघडून की लिहून घेणं, ही तडजोड कमी वाईट. घरात एका जागी बसलेल्या पीसीला मात्र रूफसचा लोकल खात्याचा मार्ग पुरेसा आहे.

ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ, थोडंफार प्रोग्रामिंग एवढंच काम असेल तर मिंट २२ टाका. उबुंटू २४.०४ वर बेतलेलं असल्याने २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. इन्स्टॉल करण्याआधी त्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावरची झोप आणि प्रिंटर तपासा. जुनं विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकरची की हातात आहे ना ते बघा, कारण बूटची मांडणी बदलली की पहिल्याच वेळी ती मागितली जाऊ शकते.

मॅक आधीच असेल तर केवळ खात्याच्या रागाने तो सोडायचं कारण नाही. सेटअपमध्ये खातं पुढे ढकला, फाइलव्हॉल्टची की लिहून ठेवा. पण नव्याने यंत्र निवडताना संपूर्ण ऑफलाइन बसवता येणं ही अटच असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशनमुळे मॅक बाद होतो.