बाल्कनीसाठी टायमरवाला ठिबक संच: काय ठेवावं, काय बदलावं

नळाला लावायचा टायमर, १६ मिमीची नळी, ४ मिमीच्या बारीक नळ्या आणि वीस-पंचवीस ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) असा संच ऑनलाइन सहज मिळतो. सुट्टीत घर बंद असताना कुंड्या जगवायला तो कामाचा आहे, पण आहे तसा लावून निघालात तर फसाल.

आधी टायमर. तो दोन प्रकारचा मिळतो. सोलेनॉइडवाल्याची (विजेच्या चुंबकावर चालणारी) झडप नीट उघडायला-मिटायला पाण्याचा दाब लागतो. बॉल व्हॉल्व्हवाल्यात छोटी मोटर झडप फिरवते, दाब कमी असला तरी चालतं. गच्चीवरच्या टाकीतून दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी ३ मीटर उंच असेल तर हाती ०.३ बार. तिथे सोलेनॉइड कधी उघडत नाही, कधी पुरता मिटत नाही, आणि न मिटणं जास्त वाईट. वरच्या मजल्यांवर बॉल व्हॉल्व्हच घ्या. सेल मात्र नवे, अल्कलाइन घाला: झडप उघडी असताना सेल संपले तर बऱ्याच टायमरांत ती उघडीच राहते. दोन चकत्यांचा स्वस्त टायमर चकती फिरवली त्या क्षणापासून वेळ मोजतो. सकाळी सहाला पाणी हवं तर सहालाच लावावा लागतो. घड्याळ दाखवणारा थोडा महाग, पण तोच बरा.

जोडणीला ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ उत्तम. त्याला बहुधा पाऊण इंची आटे असतात, टायमर थेट बसतो. साध्या नळाला रबरी जोड लावला तर दाबाने निसटतो. खालच्या मजल्यांवर दाब २-३ बारपर्यंत जातो, तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवाच. टायमर गळला तर पाणी निघून जावं म्हणून जमिनीवरच्या जाळीजवळचाच नळ निवडा आणि जाळी साफ करून जा.

संचातले लाल टोपीचे ड्रिपर सरळ बाजूला काढा. प्रत्येक टोपी हाताने फिरवून सारखं पाणी सोडणं जमत नाही. पहिली कुंडी डबडबते, शेवटची कोरडी. ठिबकच्या दुकानातून ताशी २ लिटरचे साधे ड्रिपर आणा, सोबत छोटी गाळणी. बोअरच्या पाण्याला ती लागतेच. दाब-नियंत्रित (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर वरच्या मजल्यावर नकोत, त्यांना जास्त दाब लागतो.

बारा इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये रोज सुमारे १ लिटर धरा: ताशी २ लिटरच्या ड्रिपरने सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं. पण हा आकडा १ बार दाबाचा. ०.३ बारला प्रवाह जवळपास निम्मा होतो, म्हणून ड्रिपरखाली बाटली धरून पंधरा मिनिटांत किती जमतं ते मोजा. अर्धा लिटर भरलं नाही तर वेळ वाढवा. सोसायटीत पाणी ठराविक वेळीच सोडत असतील तर टायमरच्या वेळा त्यातच बसवा, नाहीतर झडप उघडेल आणि नळी कोरडीच.

बादलीत पंप सोडायचे यूएसबी संचही मिळतात. वीस कुंड्यांना दहा दिवसांत २०० लिटर लागतं. वीस लिटरची बादली एका दिवसात रिकामी. शिवाय निघताना मेन स्विच पाडलात की पंपही बंद. नळाचा टायमर सेलवर चालतो, त्यामुळे ती अडचण नाही. फक्त स्वयंपाकघर आणि बाथरूमचे कॉक बंद करताना सवयीने ड्राय बाल्कनीचाही फिरवू नका.

निघण्याआधी तीन-चार दिवस सगळं चालू ठेवून बघा. जोड कुठे पाझरतो, कुठला ड्रिपर चोक होतो, ते तेवढ्यात कळतं. चार-पाचच कुंड्या असतील तर हा खटाटोप नको. त्या सावलीत सरकवा, मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला आणि शेजारी किल्ली द्या.