ब्रिज भक्कम आहे, पण त्याच्याखालची सफाई कुणी शिकवत नाही

काढलेल्या दाढेच्या जागी झिरकोनियाचा (दातासारख्या पांढऱ्या, कडक सिरॅमिकचा) तीन दातांचा ब्रिज बसवून वर्ष होत आलं. शेजारचे दोन दात घासून बारीक करतात, त्यांवर कॅप बसवतात आणि त्या दोन कॅपना मधली खोटी दाढ जोडलेली असते. आता थेट तक्रारीवर येतो. मधल्या खोट्या दाढेला मूळ नसतं, ती हिरडीवर नुसती टेकलेली असते. तिच्याखाली अन्न शिरतं आणि साध्या ब्रशनं ते निघत नाही.

चावायला तक्रार नाही. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, बिबड्या सगळं त्याच बाजूनं खातो. पण आम्ही जळगावकर, हिवाळा म्हणजे भरीत. त्यातल्या कांद्याच्या पातीचा एक धागा खाली अडकला की संध्याकाळपर्यंत हिरडी ठणकायची, सकाळी थुंकीत रक्त. ब्रिज बसवलेल्या दवाखान्यात भांडलो, तर “होईल सवय” एवढंच उत्तर. फिटिंगच बिघडलंय, अशी माझी खात्री झाली होती.

ते मत आता बदललंय. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून फिटिंग व्यवस्थित असल्याचं सांगितलं. दाढ काढल्यावर तिथलं हाड आणि हिरडी कित्येक महिने खचत राहते, त्यामुळे फट थोडी वाढते. त्यांनी थ्रेडर दाखवला: प्लॅस्टिकचा बारीक फास, त्यात फ्लॉसचा दोरा ओवायचा, गालाकडून खोट्या दाढेखाली घालून जिभेकडून ओढायचा आणि हलक्या हातानं मागेपुढे फिरवायचा. रोज रात्री करायला लागल्यावर रक्त थांबलं, वासही गेला.

राग मात्र तसाच आहे. दोन मिनिटांची ही गोष्ट एवढे पैसे घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी का नाही शिकवली? हातात दिलं ते वॉरंटी कार्ड, आणि तेही फक्त ब्रिज तुटला तर. आधाराच्या दातांना कॅपच्या कडेशी कीड लागली तर त्यात काही मिळत नाही. आणि कीड लागते ती नेमकी तिथेच. एक खांब गेला की अख्खा ब्रिज कापून काढायची वेळ येते, म्हणजे सगळा खर्च पुन्हा.

तयार कापलेला, कडक टोकाचा सुपरफ्लॉस मिळतो, त्याला थ्रेडर लागत नाही, पण तो महाग पडतो. थ्रेडर धुऊन पुन्हा वापरता येतो, सोबत साध्या फ्लॉसची डबी पुरते. आमच्या मेडिकलवाल्याकडे थ्रेडर नव्हताच, मागे लागून मागवायला लावला. शेवटचा हप्ता देण्याआधी डॉक्टरांकडून आरशासमोर हे करून घ्या.