ड्रायव्हरवर लक्ष ठेवणारा कॅमेराच दगा देतो तेव्हा: इलेक्ट्रिक गाडीचा वर्षभराचा अनुभव

गाडी घेऊन वर्ष होत आलं. रेंज, चार्जिंग, बॅटरी यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, म्हणून त्यात जात नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीहून नागपूरला जाऊन परत येणं एसी लावूनही एका चार्जमध्ये होतं, आणि माझं बाकीचं फिरणं आर्वी, पुलगाव, तळेगाव एवढंच. मला लिहायचंय ते स्टेअरिंगच्या मागे बसलेल्या त्या बोटभर कॅमेऱ्याबद्दल. त्याने मला पाच-सहा महिने पिडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण वॉरंटीचं एक प्रकरण अजून मिटलेलं नाही. तसंही खालचं बहुतेक सगळं, असा कॅमेरा असलेल्या कुठल्याही गाडीला लागू पडावं.

आधी हा कॅमेरा कशासाठी असतो ते. गाडी लेव्हल टू आहे, म्हणजे लेन धरते (लेन असिस्ट), पुढच्या गाडीपासून अंतर राखते, पण जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची. ड्रायव्हर खरंच रस्त्याकडे बघतोय की मोबाइलकडे, हे तपासायला हा कॅमेरा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तो तोंडावर टाकतो, त्यामुळे रात्री अंधारातही त्याला चेहरा दिसतो. मान कुठे वळली, नजर कुठे आहे आणि पापण्या किती वेळ मिटलेल्या, हे तो सतत मोजत असतो. झोपेचा अंदाज काढायची जुनी रीत अशी की मिनिटाभरातला किती वेळ पापणी ऐंशी टक्के किंवा जास्त मिटलेली होती ते बघायचं. चेहरा सापडला नाही किंवा नजर फार वेळ हटली, तर आधी टुणटुण, मग जोरात ओरडणं, आणि शेवटी लेन धरणं बंद.

समृद्धीवरून जाणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. मी विरूळला चढतो. सरळसोट सिमेंटचा रस्ता, १२० ची मर्यादा, ना गाव लागत, ना चहाची टपरी. अर्ध्या तासात डोळे उघडे असूनही माणूस जाग्यावर नसतो. १०० च्या वेगाने साडेतीन सेकंद नजर हटली तर गाडी ९७ मीटर पुढे गेलेली असते. युरोपच्या नियमांत ५० च्या वरच्या वेगाला हीच साडेतीन सेकंदांची सीमा आहे, २० ते ५० मध्ये सहा सेकंद. तिथे नव्या मॉडेलना हा इशारा जुलै २०२४ पासून सक्तीचा झाला, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीसाठी जुलै २०२६ ची तारीख ठरली. मला ही सोय हवी आहे, म्हणूनच बिघाडाचा एवढा पिच्छा पुरवला. नाहीतर काळी टेप चिकटवून मोकळा झालो असतो, तसे सल्ले देणारे गावात कमी नाहीत.

तर मुद्दा. माझ्या गाडीत दोन वेगळे मेसेज येत होते आणि सगळे, सर्व्हिस सेंटरवाले धरून, त्यांना एकच समजत होते. एक ‘फेस नॉट डिटेक्टेड’. दुसरा ‘ड्रायव्हर मॉनिटरिंग अनअव्हेलेबल’. पहिल्यात कॅमेरा चालू आहे, पण त्याला तुमचा चेहरा उमजत नाही. दुसऱ्यात गाडीपर्यंत कॅमेऱ्याचं चित्रच पोहोचत नाही. पहिल्याचा इलाज बहुतेक वेळा घरी होतो. दुसऱ्यासाठी शंभरेक किलोमीटर नागपूर गाठावं लागतं. हा फरक आधी केला नाही, तर चकरा मारत बसाल.

पहिल्या प्रकाराची कारणं आपल्याकडे ढिगाने. मे महिन्यात इकडे कोण उघड्या तोंडाने निघतो? डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळला की फक्त डोळे उरतात. त्यावर गॉगल चढवला की कॅमेऱ्याला काहीच उरत नाही. गाडीत बसल्यावर दुपट्टा नाकाखाली ओढला तरी पुरतं, पूर्ण सोडायची गरज नाही. गॉगलचं मात्र गंमतीशीर आहे. रंग किती गडद, याच्याशी फारसा संबंध नाही. काही काळेकुट्ट गॉगल इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात, काही फिक्के दिसणारेही अडवतात. घरी तपासता येतं: टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकतो. आता मध्ये गॉगलची काच धरा. ठिपका दिसत राहिला तर तो गॉगल चालेल. नाहीसा झाला तर गाडीच्या कॅमेऱ्यालाही तुमचे डोळे दिसणार नाहीत. माझा महागडा गॉगल नापास झाला आणि बसस्टँडसमोर घेतलेला पास.

उन्हाची दिशाही बघा. सकाळी नागपूरला जाताना सूर्य तोंडावर, संध्याकाळी परत येताना पुन्हा तोंडावर. डोळे बारीक करून चालवावं लागतं आणि कॅमेरा समजतो, गडी पेंगला. उलट दुपारनंतर उशिरा नागपूरकडे निघालं, तर मागच्या काचेतून उतरतं ऊन थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर येतं, तेव्हा चेहराच हरवतो. यावर औषध नाही, त्या वेळेपुरतं लेन असिस्ट बंद ठेवणं बरं.

आणि वॉशिंग सेंटर! पोरं प्रेमाने डॅशबोर्डला पॉलिश मारतात. तेच कापड कॅमेऱ्यासमोरच्या काळ्या चकचकीत पट्टीवरून फिरतं आणि तिच्यावर तेलकट थर बसतो. आपल्याला ती पट्टी उलट छान चमकताना दिसते. टॉर्च तिरपा धरून पाहिलं, तर इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात. कापूस-सोयाबीनच्या दिवसांत त्यावर धूळ चिकटली की झालंच. चष्मा पुसायचं लिक्विड मऊ कापडावर घेऊन (पट्टीवर थेट फवारू नका) दोनदा पुसलं आणि ‘फेस नॉट डिटेक्टेड’ निम्म्याहून कमी झालं. आता वॉशिंगला दिली की मी तिथे कागद चिकटवून देतो.

उरलेलं स्टेअरिंग आणि सीटचं. कॅमेरा स्टेअरिंग कॉलमवर असल्याने चाकाची कड मध्ये आली तर अर्धा चेहरा कापला जातो. सीट थोडी वर, स्टेअरिंग थोडं जवळ, एवढ्यानेही फरक पडतो.

आता खरा त्रास. दुसरा मेसेज उन्हाळ्यात सुरू झाला. कधी तळेगावच्या रस्त्यावर खड्डा लागला की यायचा, कधी गाडी उभी असतानाही. गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की गायब. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने स्कॅनर लावला आणि म्हणाला, “काका, काहीच नाही दाखवून राहिला. गाडी ओके आहे.”

“ओके आहे तर मंग बंद काहून पडते बावा?”

त्याने गाडी धुऊन दिली.

पुढच्या खेपेला कारण सांगितलं: ऊन. केबिन तापल्यावर कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो म्हणे. हे अगदीच खोटं नाही. आपल्याकडे ४५ अंशाच्या दुपारी उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सला तापमानाची हद्द असते. पण माझा मेसेज रात्री दहा वाजता, एसी लावलेल्या गाडीतही यायचा. मग संशय गेला बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. इलेक्ट्रिक गाडीतही कॅमेरे, स्क्रीन, कॉम्प्युटर हे सगळं तिच्यावरच चालतं, आणि ती ढिली पडली की भलतेच मेसेज येतात, हे खरं आहे. गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर आणला. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरीसाठी हे उत्तम, १२.२ च्या आसपास असतं तर ती निम्मी उतरलेली समजली असती. उंदरांनी वायर खाल्ल्याचा संशयही तपासून झाला, कारण गाडी सरकीच्या गोडाऊनला लागून उभी असते. दात लागल्याची खूण कुठे दिसली नाही.

सेल्फी कॅमेऱ्याची युक्ती इथेही कामी आली. अंधारात गाडी चालू करून मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्या काळ्या पट्टीकडे धरला की दोन मंद जांभळट ठिपके दिसतात. तेच त्याचे इन्फ्रारेड दिवे. मेसेज आला तेव्हा ठिपके विझलेले होते, मेसेज गेला तेव्हा परत दिसले. म्हणजे चित्र समजण्याचा घोळ नाही, कॅमेऱ्याचा वीजपुरवठाच तुटतोय. याचा व्हिडिओ काढला, त्यात ओडोमीटर, वेळ आणि बाहेरचं तापमान येईल असा. तो दाखवल्यावर सर्व्हिस सेंटरचा सूर बदलला. कॅमेरा वॉरंटीत बदलायचं ठरलं. पार्ट यायला काही आठवडे गेले. नवा बसला, त्याचं कोडिंग झालं (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या कॅमेऱ्याची ओळख करून दिली), आणि मी खुशीत आर्वीला परतलो.

दोन-तीन आठवडे शांततेत गेले. मग पुन्हा तेच.

धागा सापडला तो घरातच. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आठवड्यातले काही दिवस गाडी तिच्याकडे असते. एकदा मी करवादलो तर ती म्हणाली, “मी चालवते तेव्हा तर कधीच नाही येत.” आधी वाटलं, लक्ष नसेल हिचं. पण फरक शोधायला बसलो तेव्हा कळलं: ती बुटकी, स्टेअरिंग खाली ठेवते. मी ते पार वर घेतो. अंगणात गाडी चालू ठेवून, ती आत आणि मी सेल्फी कॅमेरा धरून खिडकीशी, स्टेअरिंग हळूहळू वर-खाली केलं. सगळ्यात वरच्या टोकाला नेऊन किंचित हलवलं की ठिपके विझत. खाली आणलं की थोड्या वेळाने परत.

हा व्हिडिओ घेऊन गेलो तेव्हा योगायोगाने वर्कशॉपमधला जुना माणूस भेटला. त्याने कॉलमचं प्लास्टिक कव्हर खोललं, स्टेअरिंग वर नेलं आणि बोट दाखवलं. “कॅमेरा नाही जी भाऊ, वायर ओढल्या जाऊन राह्यली.” कॅमेऱ्याकडे जाणारी एकच बारीक केबल असते. चित्र आणि वीज दोन्ही तिच्यातूनच जातात. ती क्लिपमध्ये चुकीच्या जागी दाबली गेली होती, त्यामुळे वरच्या टोकाला तिला ढील उरत नव्हती आणि कनेक्टर ताणला जायचा. कनेक्टरचं लॉकही पूर्ण बसलेलं नव्हतं. नीट बसलं की ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्याने दोनदा ऐकवला. नवा कॅमेरा लावणाऱ्याने जुन्याच पद्धतीने केबल कोंबली होती. म्हणजे काढून टाकलेला पहिला कॅमेरा बहुधा ठणठणीत होता. केबल दुसऱ्या वाटेने फिरवली, कनेक्टर बसवला, तासाभराचं काम. तेव्हापासून दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, तो मेसेज आलेला नाही.

स्वतः कव्हर उघडू नका, एवढं सांगतो. त्याच जागेत एअरबॅगचं वायरिंग असतं.

कॅमेरा आता कसा वाटतो? समृद्धीवर आणि नागपूर-अमरावती हायवेवर उत्तम. एकदा रात्री पुलगावकडून येताना त्याने मला खरंच उठवलंय. गावरस्त्यावर मात्र डोकेदुखी. तिथे डावीकडे म्हैस, उजवीकडे रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, समोरून कापसाने फुगलेला ट्रॅक्टर. नजर चहूकडे ठेवणं म्हणजेच नीट चालवणं, आणि हा ओरडतो की समोर बघा. नंतरच्या अपडेटने सबुरी थोडी वाढली. तरी मी त्या पट्ट्यात लेन असिस्ट लावतच नाही, पट्टे रंगवलेले असतील तर ना. आणखी एक राहिलेलं: माझ्या प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या) चष्म्याच्या काचेवर रात्री कॅमेऱ्याच्या त्या इन्फ्रारेड दिव्यांचं प्रतिबिंब नेमकं बुबुळासमोर येतं, तेव्हा अधूनमधून चुकीचा इशारा येतो. फ्रेम थोडी खाली कलती करून घेतली, कमी झालं, गेलं नाही.

अशी गाडी बघायला जाणार असाल, तर टेस्ट ड्राइव्हला तुमचा नेहमीचा चष्मा, गॉगल आणि दुपट्टा घेऊन जा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बघा. बिघाड झालाच तर जॉब कार्डवर ‘कॅमेरा प्रॉब्लेम’ एवढंच लिहू देऊ नका. मेसेजचे नेमके शब्द, वेळ, स्टेअरिंगची जागा, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. माझ्या पहिल्या दोन जॉब कार्डांवर ‘चेक्ड, ओके’ आहे, आणि केबलचं काम वॉरंटीच्या नोंदीत घाला म्हणून मी पाठवलेल्या मेलला अजून ‘वरिष्ठांना कळवलंय’ एवढंच उत्तर आहे.