आयपर्फ३ : लीज लाइन स्लो का, हे शोधायचं हत्यार

दोन ऑफिसांमधली १०० एमबीपीएसची पॉइंट टू पॉइंट इथरनेट लिंक स्लो वाटली की लोक आधी स्पीड टेस्टची वेबसाइट उघडतात. ती इंटरनेटचा वेग मोजते, या लिंकचा नाही. इथे आयपर्फ३च हवं: दोन मशीनमध्ये मुद्दाम डेटा पाठवून मधल्या लिंकचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, दोन्ही टोकांना एकेक लॅपटॉप पुरतो (एक सर्व्हर, दुसरा क्लायंट), आणि दोष लाइनचा की आपल्या मशीनचा हे अर्ध्या तासात कळतं. फक्त पहिल्याच टेस्टचा आकडा घेऊन प्रोव्हायडरकडे टिकीट टाकू नका.

रूटर-फायरवॉल बाजूला काढा, लॅपटॉप थेट प्रोव्हायडरच्या पोर्टला लावा. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये ५२०१ पोर्ट टीसीपी (पोच घेऊन, हरवलेलं पुन्हा पाठवणारी पद्धत) आणि यूडीपी (पोच न घेता नुसतं पाठवणारी) दोन्हींसाठी उघडा. यूडीपी टेस्टचा कंट्रोलही टीसीपीवरूनच चालतो, हे हमखास विसरलं जातं.

आधी यूडीपी: 'मायनस यू' (यूडीपी), 'मायनस बी' ९५एम (वेग), 'मायनस एल' १४७२ (एका पॅकेटमधला डेटा), ३० सेकंद. 'मायनस बी' राहिलं तर यूडीपी १ एमबीपीएसनेच जातो आणि लाइन उगाच बदनाम होते. १०० का नाही? १४७२ बाइट डेटासाठी हेडर वगैरे धरून वायरवर १५३८ बाइट जातात, म्हणजे कमाल ९५.७. १०० मागितले तर लॉस (हरवलेली पॅकेट) दिसणारच. मग 'मायनस आर' (कॅपिटल) देऊन उलट्या दिशेने तीच टेस्ट. एकाच दिशेला लॉस असणं फार बोलकं असतं.

यूडीपी स्वच्छ, पण टीसीपी रडतंय? इथे या टूलची खरी किंमत कळते. लिनक्सवर पाठवणाऱ्या बाजूला 'रिट्रान्समिट'चा (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा) रकाना दिसतो. तो शून्य आणि वेग कमी, तर टीसीपी विंडो (पोच यायच्या आधी पाठवता येणारा डेटा) अपुरी आहे: ६४ केबी विंडो आणि ४० मिलिसेकंद लेटन्सी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) असेल तर एका कनेक्शनला १३ एमबीपीएसच्या वर जाताच येत नाही. 'मायनस पी' (कॅपिटल) ८, म्हणजे एकदम आठ कनेक्शन, दिल्यावर लिंक भरली, तर लाइन निर्दोष. रकान्यात आकडे सतत वाढत असतील, तर बहुधा पोलिसर (ठरलेल्या वेगावरची पॅकेट फेकणारी प्रोव्हायडरची यंत्रणा): लॅपटॉपचं गिगाबिट पोर्ट पॅकेट झटक्यात सोडतं, प्रोव्हायडरची बर्स्ट (एका झटक्यात चालणाऱ्या डेटाची) मर्यादा छोटी, जास्तीची पॅकेट फेकली जातात. उपाय आपल्याच हातात आहे. रूटरच्या वॅन पोर्टवर ९५ एमबीपीएसचं शेपिंग (पॅकेट थोपवून ठरलेल्या वेगाने सोडणं) लावा, किंवा बर्स्ट वाढवून मागा.

यूडीपीतही थोडा थोडा लॉस, तर पोर्टचे काउंटर बघा. मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं तांब्याच्या केबलशी जोडणी करणारा डबा) १०० फुलवर (१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स) फिक्स आणि रूटर ऑटोवर असला की रूटर हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) उतरतो. रूटरच्या काउंटरवर लेट कोलिजन (उशिराची टक्कर), समोर सीआरसी एरर (बिघडलेल्या फ्रेम) दिसतात. साधा पिंग मात्र छान जातो, म्हणूनच हा दोष आठवडेच्या आठवडे लपून राहतो. दोन्ही टोकांना एकच सेटिंग ठेवा.

उणिवा आहेत. ६४ बाइटच्या फ्रेमने गिगाबिट भरायला सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम लागतात. ते लॅपटॉपचं काम नाही. त्यामुळे नवी लिंक ताब्यात घेताना वाय.१५६४ (इथरनेट सेवा तपासायचं मानक) चा हार्डवेअर टेस्टरवरचा रिपोर्टच मागा. जुन्या आयपर्फ२शी आयपर्फ३ जुळत नाही, आणि सर्व्हर एका वेळी एकच टेस्ट घेतो. पब्लिक आयपीवर सर्व्हर उघडा सोडू नका. 'मायनस १' देऊन सुरू केला की एका टेस्टनंतर आपोआप बंद होतो.